वरिष्ठ नेतृत्वाच्या वाटेवर स्त्रिया नेमक्या कुठे अडतात?

एका कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "भरतीच्या वेळी आमच्याकडे स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळपास असते. मधल्या फळीत ती बरीच घटते आणि वरिष्ठ व्यवस्थापनात एखाददुसरीच स्त्री उरते. गेली काही वर्षे आम्ही स्त्रियांसाठी नेतृत्व-प्रशिक्षण घेतो, अनुभवी मार्गदर्शक नेमून देतो, रजेचे नियमही उदार केले आहेत. तरी वरचे चित्र हलत नाही. स्त्रियांनाच वरची जबाबदारी नको असते, असे आमच्यापैकी काहींचे म्हणणे आहे. अडथळा नेमका कुठे आहे?"

वरिष्ठ पदांसाठीच्या निवडी आणि त्या पदांसाठी उत्तराधिकारी तयार करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या किंवा विभागप्रमुखाच्या पदासाठी नावांची यादी समोर येते, तेव्हा खरा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो. तो दहा-पंधरा वर्षे आधी, त्या वेळी किरकोळ वाटलेल्या निर्णयांतून होत आलेला असतो. पहिली बढती कोणाला मिळाली, तोट्यातली शाखा सावरायला कोणाला पाठवले, सर्वांत मोठा ग्राहक कोणाकडे सोपवला आणि वार्षिक मूल्यमापनात कोणाच्या नावापुढे 'पुढे जाण्याची क्षमता आहे' असा शेरा पडला, यांतून ती यादी हळूहळू आकार घेत असते. त्यामुळे वरच्या फळीकडे पाहून अडथळा शोधणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही. निवड समिती प्रामाणिकपणे सांगते की यादीत पात्र स्त्रीच नव्हती, आणि अनेकदा ते खरेही असते.

पहिल्या बढतीपासून सुरुवात करू. मॅकिन्झी ही व्यवस्थापन सल्लागार कंपनी आणि स्त्रियांच्या प्रगतीसाठी काम करणारी लीन इन ही संस्था २०१५ पासून अमेरिका आणि कॅनडातील कंपन्यांची माहिती गोळा करून दरवर्षी अहवाल काढतात. त्यांच्या २०२३ च्या अहवालानुसार सुरुवातीच्या पदावरून व्यवस्थापक पदावर १०० पुरुषांना बढती मिळाली, तेव्हा ८७ स्त्रियांना मिळाली. २०२४ च्या अहवालात हा आकडा ८१ होता. १०० आणि ८७ यांतला फरक कोणत्याही एका विभागात, एका वर्षात नजरेत भरत नाही. पण हेच प्रमाण पाच पायऱ्यांवर कायम राहिले, तर समान संख्येने सुरुवात करूनही शेवटी १०० पुरुषांमागे सुमारे ५० स्त्रिया उरतात, हा साधा गुणाकार आहे. त्या पाचही पायऱ्यांवर कोणी उघड भेदभाव केलेला नसतो. प्रत्येक वरिष्ठाने आपल्या पुरते योग्यच वाटेल असे काहीतरी केलेले असते. शिवाय पहिल्या पायरीवर झालेली घट पुढे समान वागणूक देऊनही भरून निघत नाही, कारण पुढची निवड उरलेल्यांतूनच करायची असते. म्हणून तुमचे नेतृत्व-प्रशिक्षण जर मधल्या फळीतल्या निवडक स्त्रियांसाठी असेल, तर ते चुकीच्या ठिकाणी नसले तरी फार उशिरा सुरू होते.

ही पहिली घट होते कशी, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतील सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. तिथे प्रत्येकाला दोन वेगळे गुण दिले जात होते: एक झालेल्या कामाबद्दल आणि दुसरा पुढील क्षमतेबद्दल. झालेल्या कामाच्या गुणांत स्त्रिया सरासरीने पुरुषांच्या पुढे होत्या, क्षमतेच्या गुणांत मात्र मागे होत्या, आणि बढतीतील तफावतीचा सुमारे निम्मा भाग या दुसऱ्या गुणावरून स्पष्ट होत होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षमतेचे सारखेच गुण मिळालेल्या स्त्री-पुरुषांचे पुढच्या वर्षीचे काम पाहिले, तेव्हा स्त्रियांचे काम सरस निघाले. म्हणजे त्यांच्या क्षमतेचा अंदाजच कमी बांधला गेला होता, आणि पुढचे काम पाहूनही तो अंदाज सुधारला जात नव्हता.

अशा मूल्यमापनाच्या बैठकांना मी पुष्कळदा उपस्थित राहिले आहे आणि तिथले बोलणे आश्चर्य वाटावे इतके एकसारखे असते. एखाद्या तरुण पुरुषाबद्दल म्हटले जाते, "अजून थोडा कच्चा आहे, पण जबाबदारी पडली की शिकेल." त्याच तोडीच्या स्त्रीबद्दल म्हटले जाते, "काम उत्तम आहे, पण हे तिने अजून केलेले नाही. एखादे वर्ष थांबू या." दोघांनीही ते काम केलेले नसते. एकाच्या बाबतीत अनुभवाचा अभाव भविष्यात भरून निघेल असे गृहीत धरले जाते, दुसरीच्या बाबतीत तोच अभाव थांबण्याचे कारण ठरतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू क्वचितच असतो. क्षमता ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाही, म्हणून मनात आधीच बसलेल्या नेत्याच्या प्रतिमेशी समोरचा माणूस किती जुळतो, यावरून ती ठरवली जाते, आणि ती प्रतिमा आजवर त्या पदांवर बसलेल्या माणसांची असते. यावर एक उपाय मी आग्रहाने सुचवते. 'क्षमता आहे' किंवा 'अजून तयार नाही' असे जो म्हणेल, त्याने गेल्या वर्षभरातील एक प्रत्यक्ष प्रसंग सांगावा आणि तो नोंदवला जावा. हा नियम लागू केला की अशा बैठकांतली अनेक ठाम मते आपोआप मवाळ होतात.

आता मी त्या अडथळ्याकडे येते, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते आणि ज्याचे वजन माझ्या मते सर्वांत जास्त आहे. कंपनीत दोन प्रकारची कामे असतात. काही पदांवर बसलेल्या माणसाकडे नफा-तोट्याची थेट जबाबदारी असते: कारखाना, विक्रीचा प्रदेश, एखादे उत्पादन, एखादा स्वतंत्र व्यवसाय. बाकीची पदे या कामांना आधार देतात: मनुष्यबळ, कायदा, जनसंपर्क, अनुपालन (कायदे-नियम पाळले जातात का हे पाहणे), अंतर्गत संवाद. दुसऱ्या प्रकारची कामे कमी प्रतीची नाहीत आणि त्यांच्याशिवाय कोणतीही कंपनी चालत नाही. परंतु मुख्य कार्यकारी अधिकारी निवडताना संचालक मंडळ जवळजवळ नेहमी एकच प्रश्न विचारते, की या व्यक्तीने कधी व्यवसाय चालवला आहे का? वरिष्ठ फळीतल्या स्त्रियांची संख्या मोजून समाधान मानणाऱ्या अनेक कंपन्यांत त्या स्त्रिया दुसऱ्या प्रकारच्या पदांवर असतात. त्यामुळे वार्षिक अहवालात आकडा चांगला दिसतो आणि सर्वोच्च पदाची यादी मात्र तशीच राहते.

ज्या स्त्रिया वर पोहोचल्या त्यांचा मार्ग पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. मेरी बारा १९८० मध्ये जनरल मोटर्समध्ये शिकाऊ म्हणून लागल्या. त्यांनी अभियांत्रिकीची कामे केली, मोटारी जोडणारा एक मोठा कारखाना चालवला, नंतर काही काळ त्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या, पुढे त्यांनी उत्पादन विकास सांभाळला आणि २०१४ मध्ये त्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. मनुष्यबळ विभागाचे पद त्यांच्या वाटेत आले, पण ते कारखान्यानंतर आले. झेरॉक्सच्या ॲन मलकाही यांनी अनेक वर्षे विक्रीत काढल्यावर मनुष्यबळ विभाग सांभाळला आणि २००१ मध्ये त्या सर्वोच्च पदावर गेल्या. २००९ मध्ये त्यांची जागा घेणाऱ्या अर्सुला बर्न्स यांत्रिकी अभियंत्या होत्या. फॉर्च्युन ५०० या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांच्या यादीतल्या कंपनीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीकडे सूत्रे सोपवण्याची ती पहिली वेळ होती. तिघींच्याही वाटेत असे काम होते, जिथे यश-अपयश आकड्यांत दिसते आणि ते दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

मग बाकीच्या स्त्रियांना अशी कामे का मिळत नाहीत? उत्तर अनेकदा 'त्यांना विचारलेच नाही' इतके सरळ असते. दूरच्या कारखान्याचे पद रिकामे होते, वरिष्ठ मनातल्या मनात नावे चाळतो, एका स्त्रीचे नाव येते आणि लगेच विचार येतो की तिचे मूल लहान आहे, तिला ओढाताण होईल, पुढच्या वेळी पाहू. हा विचार दयाळूपणाचा असतो आणि म्हणूनच तो सहसा उघड होत नाही. ज्या स्त्रीबद्दल तो केला गेला तिला तर त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच वयाचे मूल असलेल्या पुरुषाबद्दल मात्र असा विचार कोणी करत नाही, उलट घरची जबाबदारी वाढली आहे म्हणून त्याला बढतीची गरज आहे, असे मानले जाते. मी सल्ला दिलेल्या एका कंपनीत आम्ही एवढाच बदल केला, की प्रत्येक क्षेत्रीय पद रिकामे झाले की पात्र असलेल्या सर्वांना लेखी विचारायचे आणि नकार आल्यास तो ज्याचा त्याने स्वतः द्यायचा, दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने गृहीत धरायचा नाही. होकार देणाऱ्या स्त्रियांची संख्या वरिष्ठांच्या अपेक्षेपेक्षा बरीच अधिक निघाली. ज्यांनी नकार दिला त्यांनीही कारण सांगितले, आणि त्यांतली काही कारणे, उदाहरणार्थ रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे ढकलून किंवा जोडीदाराच्या बदलीसाठी प्रयत्न करून, सहज सोडवता येण्याजोगी होती.

याचीच दुसरी बाजू म्हणजे बढतीला उपयोगी न पडणारी कामे. बैठकीचे टिपण, समारंभाचे नियोजन, नव्या सहकाऱ्यांची विचारपूस, कोणालाच नको असलेली समिती. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्त्रिया आणि पुरुष मिश्र असलेल्या गटांत अशा कामांसाठी स्त्रिया अधिक वेळा पुढे आल्या. आणि कोणाला तरी काम सांगायचे होते तेव्हा स्त्रियांना पुरुषांपेक्षा ४४ टक्के अधिक वेळा सांगितले गेले. सांगणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. त्यामुळे 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला अपुरा आहे, कारण नाही म्हणणाऱ्या स्त्रीला त्याची किंमत मोजावी लागते. ही कामे आळीपाळीने वाटून देणे हे विभागप्रमुखाचे काम आहे.

वागणुकीविषयीच्या अपेक्षांबद्दल बरेच लिहिले गेले आहे, तरी एका खटल्याचा उल्लेख मला आवश्यक वाटतो, कारण त्यात हा अडथळा न्यायालयाच्या नोंदीत जसाच्या तसा उतरला आहे. १९८२ मध्ये प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस संस्थेत भागीदारीसाठी ८८ नावे सुचवली गेली, त्यांत ॲन हॉपकिन्स ही एकच स्त्री होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे सुमारे अडीच कोटी डॉलरचे काम संस्थेला मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचा निर्णय पुढे ढकलला गेला आणि नंतर त्यांचे नाव पुन्हा सुचवलेच गेले नाही. त्यांच्याविषयीच्या अभिप्रायांत त्या फार आक्रमक असल्याचा सूर होता, आणि पुढच्या वेळी संधी वाढावी म्हणून त्यांना जो सल्ला मिळाला तो असा: चालणे, बोलणे आणि पोशाख अधिक स्त्रीसुलभ ठेवा, प्रसाधन करा, केशरचना करून घ्या, दागिने घाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असे साचेबद्ध निकष लावून घेतलेला निर्णय हा लिंगाधारित भेदभाव ठरू शकतो, असे स्पष्ट केले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने हॉपकिन्स भागीदार झाल्या.

आज असा सल्ला कोणी इतक्या उघडपणे देणार नाही. तरीही वार्षिक मूल्यमापनाच्या कागदांत त्याचे सौम्य रूप मला अजून दिसते. ॲलिस ईगली आणि स्टीव्हन कराऊ या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मांडले, की नेत्याकडून ज्या गुणांची अपेक्षा असते आणि स्त्रीकडून ज्या गुणांची अपेक्षा असते, त्या दोन अपेक्षा एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून स्त्री ठाम राहिली तर ती आवडेनाशी होते आणि मृदू राहिली तर ती नेतृत्वाला अपुरी ठरते. तुमच्याकडे हे कितपत घडते, ते पाहण्याचा सोपा मार्ग आहे. गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखी अभिप्राय काढा, नावे झाका आणि किती अभिप्राय कामाविषयी आहेत व किती बोलण्याच्या ढंगाविषयी आहेत, ते मोजा. 'जरा बोचरी', 'सगळ्यांना सांभाळून घेत नाही', 'फार भावनिक' असे शेरे कोणाच्या वाट्याला आले आहेत, हे नावे उघडल्यावर कळेल.

मातृत्वाचा प्रश्न तुमच्या रजेच्या नियमांशी जोडलेला आहे, म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते स्त्रियांच्या श्रमबाजारातील स्थितीवरच्या संशोधनासाठी. त्यांनी मॅरियान बर्ट्रांड आणि लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह शिकागो विद्यापीठातून १९९० ते २००६ या काळात व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यांचा अभ्यास केला. नोकरीच्या सुरुवातीला स्त्री-पुरुषांचे उत्पन्न जवळपास सारखे होते, पण दहा-पंधरा वर्षांत दरी रुंदावत गेली. तिच्यामागे मुख्यतः शिक्षणकाळातील विषयांची निवड, नोकरीतील खंड आणि आठवड्याचे कामाचे तास ही कारणे होती. खंड आणि कमी तास यांचा संबंध बहुतेक वेळा मुलांच्या जन्माशी होता. डेन्मार्कमध्ये हेन्रिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की पहिल्या मुलानंतर स्त्रियांचे उत्पन्न पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुरुषांच्या उत्पन्नावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. डेन्मार्कमध्ये रजा आणि पाळणाघरे या दोन्ही सोयी चांगल्या आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे. तुमचे उदार नियम एकटे पुरेसे का पडत नाहीत, याचे उत्तर यात आहे.

मोठी रजा फक्त स्त्रियाच घेत असतील, तर प्रत्येक तरुण स्त्रीकडे 'कधीतरी दीर्घ रजेवर जाणारी' म्हणून पाहिले जाते, मग तिला मूल हवे असो वा नसो. शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले; मूल असल्याचा उल्लेख असलेल्या स्त्रियांना, मूल नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे निम्म्यानेच पुढील बोलावणे आले आणि वडिलांना मात्र अशी शिक्षा झाली नाही. म्हणून वडिलांनी रजा घेणे हा स्त्रियांच्या बढतीचाच प्रश्न आहे. नॉर्वेने १९९३ मध्ये आणि स्वीडनने १९९५ मध्ये पालक-रजेचा एक भाग वडिलांसाठी राखून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही तर वाया जातो. कंपनीच्या पातळीवर हेच तत्त्व लागू करता येते, आणि तिथे सर्वांत प्रभावी गोष्ट म्हणजे एखाद्या वरिष्ठ पुरुषाने ती रजा पूर्ण घेणे आणि त्यानंतरही त्याची बढती ठरल्याप्रमाणे होणे. कनिष्ठ लोक परिपत्रक वाचत नाहीत, वरिष्ठांचे काय झाले ते पाहतात.

त्याहून खोल मुद्दा कामाच्या रचनेचा आहे. काही पदांचा मोबदला तासांच्या प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढतो, कारण तिथे माणूस कोणत्याही वेळी, अल्प सूचनेवर उपलब्ध असणे हेच मोलाचे मानले जाते. घरात दोघेही नोकरी करत असतील, तर दोघांपैकी एकालाच असे पद परवडते आणि बहुतेक घरांत ती संधी पुरुषाला मिळते. गोल्डिन आणि कॅट्झ यांनी अमेरिकेतील औषधविक्रेत्यांच्या व्यवसायाचे उदाहरण यासाठीच अभ्यासले. मालकीची छोटी दुकाने कमी होऊन मोठ्या साखळ्या आल्या, औषधे प्रमाणित झाली, रुग्णाची नोंद संगणकावर कोणालाही दिसू लागली, आणि एका औषधविक्रेत्याचे काम दुसरा तितक्याच चोखपणे पुढे नेऊ शकेल अशी स्थिती आली. परिणामी त्या व्यवसायात कमी तास काम करणाऱ्याला दर तासामागे कमी मोबदला मिळण्याची प्रथा जवळपास संपली आणि स्त्री-पुरुषांच्या उत्पन्नातील दरीही बरीच आकसली. यात स्त्रियांसाठी कोणतीही खास सवलत नव्हती. वरिष्ठ व्यवस्थापनात सगळी कामे अशी बदलता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण मोठा ग्राहक एकाच माणसाला न बांधता दोघांच्या जोडीकडे देणे, निर्णयांच्या नोंदी नीट ठेवणे आणि रात्रीच्या तातडीच्या बैठका खरोखर तातडीच्या आहेत का हे तपासणे, एवढे कोणालाही करता येते.

मार्गदर्शक नेमण्याविषयी एकच गोष्ट सांगते. मार्गदर्शक सल्ला देतो. बढतीसाठी लागतो तो पाठीराखा, जो ती व्यक्ती खोलीत नसताना तिचे नाव घेतो आणि आपली पत पणाला लावतो. हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की स्त्रियांना मार्गदर्शक भरपूर मिळतात, पाठीराखे मात्र पुरुषांपेक्षा कमी मिळतात. तुमच्या मार्गदर्शकांना विचारा, की गेल्या वर्षभरात त्यांनी आपल्या मार्गदर्शनाखालील स्त्रीचे नाव कोणत्या पदासाठी सुचवले. उत्तर नसेल तर त्या कार्यक्रमाचा उपयोग सल्ल्यापुरताच आहे.

वर पोहोचल्यावरही वाट सरळ होत नाही. मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी २००५ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या कंपन्यांच्या नियुक्त्या तपासल्या, तेव्हा त्यांना दिसले की संचालक मंडळावर स्त्रीची नेमणूक करणाऱ्या कंपन्यांची कामगिरी आधीचे काही महिने घसरलेली असण्याचा कल होता. मलकाही यांच्या हाती झेरॉक्स आली तेव्हा ती कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्यांनी ती सावरली. सगळ्यांनाच ते जमत नाही आणि बुडत्या व्यवसायात अपयश आले की ते त्या एका व्यक्तीचे न राहता 'स्त्रीला देऊन पाहिले' असे नोंदले जाते. म्हणून अवघड पद देताना त्यासोबत पैसा, माणसे आणि पुरेसा काळही द्या, आणि हे सर्व नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्या.

कायद्याने संख्या ठरवून द्यावी का, हा प्रश्न इथे ओघाने येतो. नॉर्वेने २००३ मध्ये सार्वजनिक मर्यादित कंपन्यांच्या संचालक मंडळांत प्रत्येक लिंगाचे किमान सुमारे ४० टक्के सदस्य असण्याचा कायदा केला, आणि २००८ पासून तो न पाळणाऱ्या कंपनीवर विसर्जनाची टांगती तलवार ठेवली. युरोपीय संघाने २०२२ मध्ये तशाच दिशेचा निर्देश काढला. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक वर्गातील कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक सक्तीची केली. अशा कायद्यांनी संचालक मंडळांचे रूप निःसंशय बदलले, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. परंतु नॉर्वेतील परिणामांचा अभ्यास करणाऱ्या बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांना खालच्या फळीतल्या स्त्रियांच्या प्रगतीवर त्याचा ठळक परिणाम आढळला नाही. संचालक मंडळ वर्षातून काही वेळा भरते. कारखान्याचे पद कोणाला द्यायचे हे ते ठरवत नाही. अमेरिकेत फॉर्च्युन ५०० कंपन्यांच्या प्रमुखपदी स्त्रियांचे प्रमाण २०२३ मध्ये प्रथमच १० टक्क्यांच्या वर गेले, आणि त्या यादीतील पहिली स्त्री, वॉशिंग्टन पोस्ट कंपनीच्या कॅथरीन ग्रॅहम, १९७२ मध्ये आली होती.

'त्यांनाच नको असते' या म्हणण्याला मी शेवटी उत्तर देते, कारण वरचे सर्व लक्षात घेतल्याशिवाय त्याला नीट उत्तर देता येत नाही. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्येच दाखवून दिले होते, की ज्या पदांवरून पुढे जाण्याची वाट नसते तिथे बसलेली माणसे, मग ती स्त्रिया असोत वा पुरुष, आपली महत्त्वाकांक्षा आवरती घेतात आणि कामाबाहेर समाधान शोधतात. म्हणजे इच्छा ही संधीच्या आधी ठरलेली नसते, ती संधी पाहून वाढते किंवा आटते. एखादी स्त्री वरचे पद नको म्हणते तेव्हा तिच्यासमोर वरच्या फळीतली ती 'एखाददुसरी' असते, आणि तिचे प्रत्येक पाऊल कसे तपासले जाते हे तिने पाहिलेले असते. कँटर यांच्याच मांडणीनुसार गटात १५ टक्क्यांपर्यंत असलेले लोक व्यक्ती म्हणून न पाहिले जाता आपल्या वर्गाचे नमुने म्हणून पाहिले जातात. अशा जागी जायला अनेक समर्थ माणसे नकार देतील. हा नकार मला विवेकाचा वाटतो, आणि तो बदलायचा असेल तर त्या जागेची स्थिती बदलावी लागेल.

तुम्हाला एका कामापासून सुरुवात करायची असेल, तर गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा व्यवस्थापक झालेल्यांची आणि नफा-तोट्याची जबाबदारी मिळालेल्यांची यादी करा. त्या प्रत्येक नेमणुकीसाठी पात्र कोण होते, विचारले कोणाला आणि विचारले नाही तर का, हे संबंधित वरिष्ठांकडून लिहून घ्या. पुढच्या वर्षापासून हीच नोंद नेमणुकीच्या आधी घ्या आणि ती विभागप्रमुखाच्या स्वतःच्या मूल्यमापनात धरा. यंदा पहिला कारखाना किंवा पहिला प्रदेश मिळालेली स्त्री सर्वोच्च पदाच्या यादीत यायला आठ-दहा वर्षे लागतील; तोपर्यंत वरच्या फळीतल्या आकड्यावरून प्रयत्नांचे यश मोजू नका. दरवर्षी त्या मधल्या यादीत किती नावे वाढली, एवढेच पाहा.